ज्युरी ड्यूटीत विचारलेला रॅपचा प्रश्न

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात (ज्युरीत) बसण्याचं, समन्स आलं, तेव्हा ती कशी टाळायची हेच बहुतेकांनी मला सांगितलं. मला मात्र जायचंच होतं. प्रश्नावली भरणं, सुरक्षा तपासणी, हॉलमध्ये ताटकळणं हे सगळं सोपं. कस लागतो तो कोर्टरूममध्ये, ज्युरर निवडताना.

आरोप गोळीबाराचा होता. नेहमीचे प्रश्न झाल्यावर जजनी विचारलं, "आरोपी रॅप लिहितो असं कळलं, तर त्याच्याबद्दलचं तुमचं मत बदलेल का?" माझ्या आधीच्या बाई म्हणाल्या, असली गाणी लिहिणारा माणूस तसाच असणार. जजनी आभार मानून त्यांना मोकळं केलं. त्या मनातलं खरं बोलल्या, हे फार बरं झालं. मी सांगितलं, रॅप मी ऐकत नाही, पण अफझलखानाच्या वधाचे पोवाडे ऐकत मोठा झालो आणि शाहिराला कुणी खुनी म्हटलेलं कधी ऐकलं नाही. पुढे एका वकिलांनी कारण न देता मला वगळलं. तसा त्यांना हक्क असतो.

खटल्यावर बसलेल्या ज्युररला बाहेरचं वाचायची मनाई असते. मी सुटलो होतो, म्हणून वाचत बसलो. १९९६ साली संशोधक कॅरी फ्राइड यांनी पोलिसाला मारल्याबद्दलच्या एका जुन्या लोकगीताचे शब्द लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना कंट्री (अमेरिकी ग्रामीण ढंगाचं संगीत) किंवा लोकगीत. शब्द तेच, तरी रॅप म्हणून वाचणाऱ्यांना ते जास्त धोकादायक वाटले. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनाही तेच आढळलं. हे वाचून मी हादरलो, कारण त्या बाईंचं उत्तर अपवाद नव्हतं.

आमच्याच राज्यातल्या स्किनर खटल्यात आरोपीच्या वहीतली रॅपची तब्बल १३ पानं ज्युरीला वाचून दाखवली होती. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. 'मी शेरिफला गोळी घातली' असं गाणाऱ्या बॉब मार्लेने ती खरंच घातली असं कुणी मानत नाही, हेही न्यायालयाने लिहिलं. आता इथे गाण्यातला तपशील आणि गुन्हा यांचा ठोस संबंध दाखवावा लागतो. कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून, अशा शब्दांनी वांशिक पूर्वग्रह शिरेल का, हे जजनी तपासावं असा कायदाच आहे.

तुम्हाला हा प्रश्न आला, तर घाईने "नाही" म्हणू नका. सगळ्यांसमोर बोलणं अवघड वाटलं, तर जजशी बाजूला बोलायची परवानगी मागता येते.