उद्या तुर्कीचा पेपर

"राहू दे आई, मी तेयझेला विचारते."

एवढंच म्हणाली लेक. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. पुस्तक उचललं, पायात सपाता अडकवल्या आणि वरच्या मजल्यावर तेयझेकडे, म्हणजे वरच्या मावशींकडे, निघून गेली. दुपारपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या पोरीची समजूत काढता येते. ही तर माझीच समजूत काढल्यासारखं बोलली.

उद्या तिची याझली आहे. इथे तुर्कस्तानात लेखी परीक्षेला सगळे तेवढंच म्हणतात. उतारा वाचायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची, शेवटी एखाद्या विषयावर स्वतःचं लेखन. 2023 पासून शाळेच्या लेखी पेपरांत पर्याय निवडायचे प्रश्न नाहीत, जे काय सांगायचं ते आपल्या वाक्यात. आठवीनंतरच्या एलजीएसमध्ये, म्हणजे पुढच्या शाळेच्या प्रवेश परीक्षेत, मात्र 90 प्रश्न आणि सगळे पर्यायांचे, त्यातले 20 तुर्कीचे. त्याला अजून अवकाश आहे. तोवर आपण कुठे असू, कोण जाणे.

आजचा उतारा मिल्लेत मेक्तेप्लेरीवरचा, म्हणजे नवी लिपी शिकवणाऱ्या राष्ट्रशाळांवरचा होता. 1 नोव्हेंबर 1928 ला कायदा झाला, अरबी वळणाची लिपी गेली आणि 29 अक्षरांची नवी वर्णमाला आली. मग 1929 च्या जानेवारीपासून मोठ्या माणसांसाठी वर्ग सुरू झाले. बायाबापड्या, शेतकरी, दुकानदार, सगळे अक्षरं गिरवायला बसले. शेजारी फळ्यापाशी उभ्या राष्ट्राध्यक्ष अतातुर्कचा कायसेरी शहरातला तो फोटो. मी विचारलं, "आना फिकिर काय आहे ह्याचा?" मुख्य विचाराला पुस्तकात असलेला शब्द वापरला, म्हणजे तिला बरं वाटेल. तिनं काहीतरी लिपीबद्दल सांगितलं. मी म्हटलं, मला तर वाटतं शिकायला वय नसतं हे सांगायचंय. "असं उताऱ्यात कुठे लिहिलंय?" तिनं विचारलं. आणि मग ते, राहू दे.

माझी आई सातवी शिकलेली. पण माझी शुद्धलेखनाची वही तिच्या हाताखालून गेल्याशिवाय दप्तरात जात नसे. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात ती एका हाताने भाकरी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने वही पुढे ओढून एकेक ऱ्हस्व-दीर्घ बघायची. मी धरूनच चालले होते की मला मूल झालं की मीही हे करीन. त्यात काय एवढं, असं वाटायचं. बाजारात, बँकेत, दवाखान्यात माझी तुर्की अडत नाही. पण वहीवर नजर टाकून 'हे चुकलं' म्हणायचं बळ माझ्यात नाही, आणि हे तिला माझ्या आधी कळलं, हे जास्त लागलं.

उदाहरणार्थ ते 'दे'. 'घरात' म्हणताना ते शब्दाला चिकटून येतं, 'एवदे'. पण 'मीसुद्धा' म्हणायचं तर सुटं लिहायचं, 'बेन दे'. आपण 'मीही' जोडून लिहिणारी माणसं, आमचा हात आपोआप जोडायलाच जातो. तेयझेने तिला युक्ती शिकवली आहे: वाक्यातून ते काढून बघ. वाक्य शाबूत राहिलं तर सुटं, मोडलं तर जोडून. किती साधं! मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरंच आहे की, शिकतेय ना?" मार्चनंतर आपण कुठे असू, ते मीही विचारलं नाही.

संध्याकाळी खाली आली ती जरा उतरलेल्या चेहऱ्याने. तेयझे म्हणाली होती, निबंधाची भाषा स्वच्छ आहे, पण ह्यात काही घडतच नाही. विषय, न विसरता येणारा प्रवास. गिरिश, गेलिश्मे, सोनुच, म्हणजे सुरुवात, विस्तार, शेवट, तिन्ही भाग जागच्या जागी. बोटीतून बोस्फोरस, सीगल, मावळतीचा सूर्य. सरावाच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल असलं.

मी वही बाजूला केली आणि मराठीत विचारलं, "तुला खरंच कुठला आठवतो?" आधी खांदे उडवले. मग हळूहळू खंबाटकीचा घाट निघाला. पावसात गाड्या तुंबलेल्या, आजोबांनी उतरून दोन कणसं आणली, एक हिला, एक ड्रायव्हरकाकांना. हिनं आपलं अर्धं मोडून दिलं तर म्हणाले, दात कुठे आहेत मला? मग ही अंगठ्याने एकेक दाणा सोलून त्यांच्या तळहातावर ठेवत गेली, आणि गाडी हलेपर्यंत ते हात तसाच पुढे धरून बसले. तिखटमीठ लागून तिचा अंगठा झोंबत होता. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं, मी मागच्या गाडीत होते. ते गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल इतकं सलग बोललीच नव्हती.

"हेच लिही," म्हटलं.

"तुर्कीत?"

"तुर्कीत. इथेही रस्त्यावर गाडीवर कणसं मिळतात ना, बाईंना सगळं कळेल."

लिहायला बसली. मध्येच थांबून मराठीत विचारायची, आजोबा तेव्हा काय म्हणाले असतील, धुकं होतं का, आपण पोचलो तेव्हा दिवे होते का. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगत गेले. कुठलं 'दे' सुटं आणि कुठलं जोडून, ते काही मी बघितलं नाही. ते बघायला वर माणूस आहे, आणि चांगलं माणूस आहे. माझ्या लेकीला परक्या शहरात अशी तेयझे मिळाली ह्याचं दुपारी मला वाईट वाटत होतं. आत्ता लिहिताना तसं वाटत नाही. निदान तेवढं नाही.

तिच्याबरोबर मीही वर गेले. तेयझेने चष्मा लावून वाचलं, दोन ठिकाणी पेन्सिल टेकवली, आणि कणसाच्या जागी येऊन पुन्हा वरून वाचायला लागली. मग चहा टाकला. तिची आजी म्हणे नवी अक्षरं शिकली, पण किराण्याचा हिशेब शेवटपर्यंत जुन्या लिपीतच ठेवायची.

मी विचारून टाकलं, पुढच्या आठवड्यापासून दुपारी ते व्याकरणाचं पुस्तक घेऊन मीही येऊन बसू का. ये म्हणाली, वही मात्र नवी आण, जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर मी शिकवत नाही. पेपर दुसऱ्या तासाला आहे. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन वह्या आणायला हव्यात.