आमची वाटचाल : वेल्डिंगच्या शेडमधून तेलाच्या भट्टीकडे

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत ह्यांचं वेल्डिंगचं शेड. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने गवती चहाचं तेल काढायला स्टीलची भट्टी बनवून घेतली. तिची ट्रायल घेता घेता आम्हीच या धंद्यात पडलो. सासूबाई म्हणाल्या, "लोखंड सोडून गवत उकळा आता!"

कापलेलं गवत आधी सावलीत सुकवायचं, मग टाकीत दाबून भरायचं आणि खालून वाफ सोडायची. वाफ थंड होऊन पाणी आणि तेल सेपरेटरमध्ये, म्हणजे दोन्ही वेगळं करणाऱ्या भांड्यात, उतरतं. तिथे गवती चहाचं तेल वर तरंगतं, लवंगेचं मात्र तळाशी बसतं. शंभर किलो ओल्या गवतातून तेल जेमतेम अर्धा किलो, पावसाळ्यात त्याहून कमी. चोथा वाळवून बॉयलरखाली जातो.

पुढे गुलाबासारख्या वासाचं रोशा गवतही घेतलं. खानदेशातलं रोशाचं तेल एके काळी मुंबईमार्गे तुर्कस्तानात जायचं, गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला. तेवढी परंपरा आम्ही चालवत नाही!

गवती चहातलं सिट्रल, रोशातलं जिरॅनिऑल, लवंगेतलं युजेनॉल ही द्रव्यं जिवाणूच्या पेशीचं आवरण सैल करतात, मग आतला ऐवज गळून जातो. स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू लवकर मरतो. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो सहसा दाद देत नाही. पण हे सगळं प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. सिन्नरहून एक दूधवाले गाईच्या गोचिडांसाठी तेल मागायला आले. "ताई, नुसतं चोळलं तर?" म्हटलं, नका चोळू. उघड्या पाठीवरून तेल उडून जाईल आणि गाईचं कातडं तेवढं पोळेल. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. मधमाश्यांच्या व्हरोआ किडीवर ओव्यातलं थायमॉल चालतं, कारण पेटी बंद असते आणि वाफ आत कोंडून राहते.

मध्यंतरी एका व्यापाऱ्याने मोठी ऑर्डर देऊ केली, फक्त लेबलवर 'त्वचारोग बरे करते' छापायचं. असा दावा केला की ते औषध झालं, त्याला परवाना लागतो. ऑर्डर सोडली. हप्ते डोक्यावर होते, ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. आज साबणवाले, अगरबत्तीवाले आमच्याकडे येतात ते गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातलं एकेक द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट बघून. सिट्रल किती टक्के, ते बॅचगणिक त्यात लिहिलेलं असतं.

सध्या ओव्यासाठी छोटी भट्टी बनतेय. ओवा भरडून टाकावा लागतो, म्हणून मी बारीक जाळी मागतेय. ह्यांचं म्हणणं, बारीक जाळी तुंबते आणि वाफ वर चढत नाही. जाळी अजून ठरलेली नाही.