एकदाच येणारा निधी आणि रोज लागणारा शिक्षक

सरकारने शाळांना एकरकमी मोठा निधी दिल्याने विशेष मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न किती सुटतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतील २००९ सालचा अनुभव तपासण्यासारखा आहे. कोपरखैरण्यातील आमच्या पालकगटात निधीचा विषय निघाला की चर्चा लगेच साहित्य, उपकरणे आणि रंगीत खोल्यांकडे वळते, म्हणून तो अनुभव येथे थोडा सविस्तर मांडतो.

आर्थिक मंदीमुळे तेथील राज्यांचे उत्पन्न घटले होते आणि शिक्षककपातीचे संकट उभे होते. अशा वेळी १७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठीच्या सुमारे ७८७ अब्ज डॉलरच्या प्रोत्साहन कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील सुमारे १०० अब्ज डॉलर शिक्षणाच्या वाट्याला आले आणि त्यापैकी १२.२ अब्ज डॉलर केवळ दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी राखून ठेवले गेले. या रकमेला जुनी पार्श्वभूमी होती. १९७५ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत मोफत व सुयोग्य शिक्षणाचा हक्क देताना, केंद्राचा वाटा प्रति विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात २००९ पूर्वी तो १७ टक्क्यांच्या आसपासच रेंगाळत होता. प्रोत्साहन निधीमुळे तो एकदाच एक तृतीयांशापर्यंत चढला आणि निधी संपताच पुन्हा खाली आला.

हा पैसा ३० सप्टेंबर २०११ पर्यंत मार्गी लावण्याचे बंधन होते, आणि मुदत संपल्यावर पेलवणार नाहीत असे कायमचे खर्च अंगावर घेऊ नका, असे केंद्रीय शिक्षण खात्याने सांगून ठेवले होते. हिशेबाच्या दृष्टीने सल्ला अचूकच होता. त्याला धरून चालायचे तर साहाय्यक तंत्रज्ञान घ्यावे, सर्वसाधारण वर्गांवरील शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, हेच शहाणपणाचे ठरते. मात्र विशेष शिक्षणातला सर्वांत मोठा खर्च माणसांचा असतो आणि माणसांचा पगार दोन वर्षांनी थांबवता येत नाही. त्यातच, केंद्राचे अनुदान जेवढे वाढेल त्याच्या निम्म्या रकमेपर्यंत स्थानिक खर्च कमी करून तो पैसा सर्वसाधारण शिक्षणाकडे वळवण्याची मुभा काही अटींवर शाळा-जिल्ह्यांना, म्हणजे तेथील शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना, होती. मंदीच्या काळात शाळा वाचवण्यासाठी ही सवलत समजण्यासारखी असली, तरी विशेष मुलांच्या नावाने आलेला पैसा त्यांच्याच खर्चात भर घालील याची खात्री त्यामुळे राहिली नाही, हे मला त्या योजनेतले सर्वांत खटकणारे कलम वाटते.

आपल्याकडे प्रोत्साहन निधी आलेला नाही, तरी खर्चाचा स्वभाव तोच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठेवली गेली. नवी मुंबईत खासगी स्पीच थेरपीला जाणाऱ्या कोणत्याही पालकाला विचारा, ही रक्कम किती आठवडे पुरेल ते तो लगेच सांगेल. साहित्यवाटपाची शिबिरे होतात, यूडीआयडी कार्डे, म्हणजे दिव्यांगत्वाची ओळखपत्रे, निघतात, पण ज्याच्या हातून मूल शिकायचे तो विशेष शिक्षक वर्षानुवर्षे करार पद्धतीने राबत राहतो. माझा मुलगा स्वमग्न आहे. नव्या शिक्षकाच्या शेजारी स्वस्थ बसायलाच त्याला काही महिने लागतात, आणि तो रुळेपर्यंत त्या शिक्षकाच्या कराराची मुदत जवळ आलेली असते.

वाशीतील महापालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आम्हा पालकांना आधार वाटते, याचे कारण मला इमारतीपेक्षा सातत्यात दिसते. शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार यांची सोय तेथे महापालिकेने स्वतःचे काम म्हणून चालवली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रजनीशकुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला, आणि त्यानंतर २०२२ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढील स्तरावर पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये केंद्रस्तरावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटासाठी असलेल्या केंद्रांवर, विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे पुढच्या बैठकीत मी साहित्याची यादी मांडणार नाही. आपल्या शाळांच्या केंद्रात यातले पद मंजूर आहे का, त्यावर नेमणूक झाली आहे का आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली निघतो, एवढी माहिती शिक्षण विभागाकडे लेखी मागावी, असा प्रस्ताव मी ठेवणार आहे.