सुरूची कांडी

धुण्याआधी खिसे चाचपायची आईची जुनी सवय. परवा दुपारी आबांच्या सदऱ्यातनं तिनं सुपारीचं खांड, चुरगळलेलं एसटीचं तिकीट आणि चिमूटभर तपकिरी काहीतरी काढलं. "जिरं हाय व्हय हे?"

जिरं नव्हतं. शिरोड्याच्या सुरूच्या झाडाची काडी होती ती.

आम्ही कोल्हापूरची, रंकाळा तलावाला चौपाटी म्हणणारी माणसं. खरा समुद्र बघायचा तर आजरा, आंबोली, सावंतवाडी करत, घाटात पोट सांभाळत उतरायचं. लहानपणी आबा न्यायचे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह एसटीतच सांगून संपवायचे, म्हणजे शिरोड्यात उतरल्यावर सुट्टी. मग वेळागरच्या सुरूच्या बनातली पायवाट. दरसाल मी बनात शिरल्या शिरल्या ओरडायचो, "आला समुद्र!" आणि आबा म्हणायचे, "झाडं हायत ती." सुरूत वारा शिरला की लाटेसारखाच घोंघावतो. दरसाल फसलो.

आबांच्या पायात कापशी चप्पल. कोल्हापुरात गल्लीच्या तोंडापासून तिची करकर ऐकू यायची. वाळूत मात्र मुकी. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. शिवाय खाऱ्या पाण्यानं कातडं कडक होतं, म्हणून चपला हातात आणि माणूस अनवाणी. खाली काड्यांची गादी मऊ, पण तिच्यात दडलेली ती बोंडं! सात घोड्यांचा रुबाब असलेला माणूस तिथं एक एक पाऊल हुळहुळत टाकायचा. मला हसू यायचं, पण मोठ्यानं हसायची टाप नव्हती.

एक खेळ होता. सुरूची हिरवी काडी म्हणजे पान नव्हे, बारीक फांदीच ती. खरी पानं म्हणजे प्रत्येक पेरावर कडं करून बसलेले सहा-सात इवलाले दात, डोळ्याजवळ धरल्याशिवाय न दिसणारे. कुठल्याही पेरावर ओढली की टक्कन सुटते आणि त्याच दातांत परत बसते. सोडवायची, जोडायची, विचारायचं : कुठं तोडली? आबा दरवेळी अचूक पेर दाखवायचे. कसं, ते कधी सांगितलं नाही. मला वाटतं जोडताना माझा जीभ चावलेला चेहराच ते बघत असावेत.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. गाडी होती, तरी आबांना एसटीच हवी. बन विरळ झाल्यासारखं वाटलं. की मीच उंच झालोय, कोण जाणे. पायवाट वीस मिनिटांत संपली. लहानपणी दुपार जायची तिच्यात. चपला या वेळी पायातच होत्या. वाकायचं जमत नाही आता.

मी काडी तोडली, जोडली, पुढं केली. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, काडी उजेडात धरली. अंगठा फिरवला. बराच वेळ.

"न्हाई की तुटलेली कुठं," म्हणाले, आणि काडी खिशात ठेवली.

वाळल्यावर ती पेरापेरावर आपोआप सुटलेली. सगळे तुकडे सारखे. आईनं ते तुळशीच्या कुंडीत टाकले. खत होईल म्हणाली. सुरूचं कसलं खत, त्याच्या बुडाला तर गवतसुद्धा धड उगवत नाही. पण आईला कोण सांगणार.