गजऱ्यातला मरवा नानकटाईत

सप्टेंबर २०२४

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदी समा भागात शिरली ती आमच्या ओट्याच्या वरच्या पायरीला टेकली. वडोदऱ्यात लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या, त्या मानाने आमचं कुंड्यांवर निभावलं. पुदिना, बेसिल, थाइम गेले, आणि तळहातावरच्या फोडासारखी जपलेली रोझमेरीही गेली. रोझमेरीचं खरं सांगायचं तर ती पुराआधीच निम्मी गेली होती. पावसाळ्यात मुळं ओली राहिली की तिचे शेंडे तपकिरी पडतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडतंय, आपण आणखी घालतो, आणि मग तिचं आटोपतंच. तो गुन्हा मी पुराच्या नावावर खपवला.

आता सगळा संसार गच्चीवर. नव्या रोझमेरीला पक्क्या मातीची कुंडी, मातीत एक तृतीयांश जाड रेती, आणि जागा पत्र्याखाली. बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच पाणी. बघू.

ऑक्टोबर

हा महिना लांबलचक लिहिणार आहे, कारण गंमत इथेच झाली.

परदेशातल्या भाचीने मार्जोरमची बाटली पाठवली होती. मी त्याचं बी शोधत मोबाइलवर बसले होते. बाटली उघडून सासूबाईंपुढे धरली, "आई, बघा कसला वास आहे." त्यांनी हुंगली आणि माझ्याकडे अशा बघितल्या जशी मी विहिरीवर उभी राहून पाणी विचारतेय. "अगं, हा तर मरवा! वाळवून बाटलीत कशाला भरलाय?"

खरंच मरवाच. शास्त्रीय नाव ओरिगॅनम मॅजोराना. पिझ्झाच्या पुडीतला ओरेगॅनो म्हणजे ओरिगॅनम वल्गारे, म्हणजे एकाच घरातले चुलतभाऊ. मरवा मूळचा सायप्रस-तुर्कस्तानकडचा. तिकडची माणसं तो मांसाच्या पदार्थांत घालतात, आपण वेणीत माळतो. मी लग्नापासून आईंना अबोलीच्या गजऱ्यात मरव्याच्या काड्या गुंफताना बघतेय, पण ही वस्तू खाण्याची असेल हे कधी डोक्यात आलं नाही.

लगेच स्कूटर काढून खंडेराव मार्केट गाठलं. फुलवाल्या बाईंकडे ओल्या फडक्यात जुड्या होत्याच. पान जवळून बघा एकदा: करंगळीच्या नखाएवढं, राखाडी हिरवं, वर बारीक लव. शेंड्याला कळ्या सुताला मारलेल्या गाठींसारख्या घट्ट. चुरगळलं की आधी थोडा कापरासारखा वास, मग गोडसर.

इथे एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या. फुलबाजारातली जुडी खाण्यासाठी पिकवलेली नसते, तिच्यावर काय फवारलंय ते फुलवालीलाही ठाऊक नसतं. मी ती थेट वापरली नाही. चार-चार बोटांच्या ११ काड्या कापल्या, खालची पानं काढली, ओल्या रेतीत खोचल्या, सावलीत ठेवल्या. साधारण तीन आठवड्यांत ८ धरल्या. नवीन फुटवा आला तोच खुडायचा.

याच झटक्यात घरातली बाकी मंडळीही नव्याने ओळखीची झाली. फालुद्याचा सब्जा पेरला तर बेसिलच उगवतं (वास इटालियनपेक्षा थोडा लवंगेकडे झुकणारा). ओव्याची जाड, केसाळ पानं म्हणजे ओव्याचं झाड नव्हे, ते वेगळंच रोप. पण त्यात कार्व्हाक्रोल नावाचं वासाचं द्रव्य असतं, जे ओरेगॅनोतही असतं, म्हणून पावावर ती पानं बेमालूम चालतात. गवती चहाला इथे लीली चा म्हणतात, तो तर दर सकाळी पातेल्यात पडतोच. इतकी वर्षं मी महागड्या बाटल्या घेत होते.

दिवाळीच्या आधी

रोपं अजून हातभर झाली नव्हती, तरी धीर निघेना. नानकटाई मरवा घालून.

पूर्वी आमच्याकडे दिवाळीत पीठ, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची आणि ट्रेवर भाजून आणायची पद्धत होती. आता ओटीजी आहे, पण प्रमाण आईंचंच: मैदा १५० ग्रॅम, बेसन ५०, तूप १२०, साखर ९०, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ.

पहिला घाणा: ताजी पानं दोन मोठे चमचे, बारीक चिरून पिठात. नवऱ्याने एक तोंडात टाकली, थोडा वेळ चावली आणि विचारलं, "ही नानकटाई आहे की वेणी?" उत्तर द्यायला मला जागाच नव्हती.

दुसरा घाणा: तूप कोमट करून त्यात पानं तासभर ठेवली, गाळलं. सुगंधी तेलं स्निग्धात उतरतात हे खरं, पण माझ्या हातून तूप जरा जास्त तापलं असावं. काढ्याचा वास आला. शिवाय घाईत तूप नीट थिजू दिलं नाही आणि ट्रेवर सगळ्या नानकटाया एकमेकींच्या गळ्यात पडून एकच चादर झाली.

तिसरा घाणा जमला. खुडलेली पानं अर्धा दिवस सावलीत कागदावर पसरली, ओल राहिली की साखरेचे गोळे होतात. मग फक्त एक छोटा चमचा पानं दाणेदार साखरेत बोटांनी चोळली, साखर ओलसर हिरवट होईपर्यंत, आणि तीच साखर मिक्सरमधून फिरवली. अर्ध्या लिंबाची पिवळी साल किसून त्यात. थिजलेलं तूप या साखरेबरोबर परातीत फेसून पांढरं केलं, मग पीठ. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं, कडा किंचित रंगेपर्यंतच. पहिल्या घासाला नेहमीची नानकटाई, आणि गिळल्यावर मागून मरवा येतो. आई म्हणाल्या, "देवळात शिरल्यासारखं वाटतं." मी ते कौतुक धरलं.

वेलची घालायचा मोह आवरा. वेलची आणि मरवा एका पंगतीत बसत नाहीत. वाळवलेला मरवा वापरणार असाल तर ताज्याच्या एक तृतीयांश पुरे.

डिसेंबर

थंडीत हात चालतो. फोकाचा हा इटालियन पाव तीनदा केला: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ४००, मीठ १०, यीस्ट ५. रात्रभर फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात इथे हेच पीठ बाहेर ठेवलं तर तासाभरात परातीबाहेर चालू लागतं. वर लसणाऐवजी ओव्याची पानं आणि रोझमेरी. रोझमेरीचे शेंडे तेलात बुडवून मग खोचा, नाहीतर जळून काड्या होतात.

लसणाऐवजी का, तर शेजारच्या बेन जैन आहेत, कांदा-लसूण नाही, अंडंही नाही. त्यांच्यासाठी म्हणून सुरू केलं, आता आम्हालाही असाच आवडतो. एकदा डबा घेऊन गेले तर त्यांची तिथी निघाली, त्या दिवशी लीलोतरी, म्हणजे हिरवी भाजी-पानं, बंद. त्यांनी डबा ठेवून घेतला नाही, "काले आपजो ने" (उद्या द्या ना) म्हणाल्या. आता द्यायच्या आधी कॅलेंडर बघते.

बेसिल: पानं थंडीने काळवंडली. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायची इच्छा नाही.

जानेवारी २०२५

उत्तरायणाला, पतंगांच्या दिवशी, गच्ची आपली नसते हे मी विसरले. पत्र्यावर चढायला मुलांनी रोझमेरीच्या कुंडीची पायरी केली. एक मोठी फांदी मोडली, राहिलेल्या झाडाला मांजा असा गुंडाळला होता की कात्रीने सोडवायला अर्धी दुपार गेली. मोडक्या फांदीच्या ५ छाट्या रेतीत लावल्यात. त्यांतली एक अजून हिरवी आहे.

हळदीकुंकू मात्र मनासारखं झालं. दरवर्षी प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या लुटायच्या आणि त्याच वाट्या पुढच्या वर्षी दुसऱ्या घरून आपल्याकडे परत यायच्या. यंदा वाण म्हणून मरव्याची रोपं. नोव्हेंबरच्या शेवटीच छाट्या लावल्या होत्या, थंडीत मुळं सुटायला महिना तरी लागतो. चहाचे कुल्हड आणले २२. बुडाला भोक पाडायला खिळा आणि हातोडी घेतली तर ५ फुटले, मग बारीक ड्रिल वापरलं, पाण्यात बुडवून. १७ रोपं, प्रत्येकाबरोबर बटर पेपरच्या पुडीत ४ नानकटाया आणि तिळगूळ. चिठ्ठीवर एवढंच: ऊन सकाळचं, पाणी बेताचं, शेंडा खुडत राहा, नाहीतर फुलावर येऊन दांडे होतात.

एका मैत्रिणीने सुचवलं होतं की बाटलीत ऑलिव्ह तेल घालून त्यात ताज्या काड्या आणि लसूण बुडवून दे, दिसायला फार देखणं. देखणं आहेच, पण ते मी देत नाही. तेलाखाली हवा नसते, ताज्या पानांत आणि लसणात ओल असते, आणि अशा जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. वासावरून, चवीवरून काही कळत नाही. घरी करायचंच तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा. भेट द्यायला त्यापेक्षा मीठ बरं: चार चमचे जाड मीठ, एक चमचा पानं, एकत्र कुटून ताटात वाळवायचं. ताकात घालून बघा.

रथसप्तमीनंतर, फेब्रुवारी

हिशेब. १७ रोपांपैकी ६ गेल्याचं कळलं (४ जास्त पाण्याने, एक मांजरीने, एकीचं उत्तर "कुठे ठेवलं तेच आठवत नाही"). दोघींनी खुडून गजऱ्यात माळला, त्यावर माझी तक्रार नाही. बाकीच्यांनी अजून हातच लावलेला नाही, फोटो तेवढे येतात.

शेजारच्या बेनना कुल्हड आणि पुडी तिथी बघून दिली होती. काल त्यांचा डबा आला. आपल्यासारखंच त्यांच्याकडेही डबा रिकामा धाडत नाहीत. आत खाखरे होते, कागदासारखे पातळ, आणि त्यांत हिरवे ठिपके. मला वाटलं मेथी. तोडला तर मरवा, तूपजिऱ्याच्या मागून हळूच येणारा, माझ्या तिसऱ्या घाण्यापेक्षाही नेमका. किती घातला म्हणून विचारायला लगेच गॅलरीत गेले. त्यांनी चिमूट दाखवली, मग थोडी मोठी चिमूट दाखवली, आणि म्हणाल्या, "अंदाजे."