एवढं गवत वाळवून करता काय?

गोठ्यात टाकायचं गवत कागदात दाबून का ठेवता, हे सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ते गवत तिथे होतं, हे पुढच्या माणसाला तपासून बघता यावं म्हणून. फोटोवर भागत नाही. बारीक कणिशकांतली (कणसातल्या इवल्या फुलगुच्छांतली) तुसं नि केस भिंगाखाली उलटसुलट करून पाहिल्याशिवाय बरीच गवतं ओळखू येत नाहीत.

जुलैत सगळा सडा सारखाच हिरवा. फुलोरा येतो तो गणपतीच्या आगेमागे, आणि लवकरच कापणी लागते. तेवढ्यात मुळासकट उपटायचं, कारण वर्षायू की बहुवर्षायू हे मुळाशी कळतं. लांब असेल तर दुमडायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, रोज कागद बदलायचे. आपल्या दमट हवेत आळस केला की बुरशी धरलीच. (पेपर वाचायच्या आधी गवताखाली जातो ही घरच्यांची तक्रार रास्त आहे.)

खरी किंमत मात्र नमुन्याला लावलेल्या चिठ्ठीला. गाव, सड्याचं नाव, तारीख, कातळ उघडा की पाणी साठणारा. नुसतं 'रत्नागिरी' लिहिलेली जुनी चिठ्ठी मला छळते: 1981 पर्यंत सिंधुदुर्गही रत्नागिरी जिल्ह्यातच होता, मग शोधायचं कुठे?

चिठ्ठी नीट असली की काय होतं ते ऐका. जोगच्या धबधब्याजवळ 1919 साली एक नाजूक गवत गोळा झालं. नमुना तीसेक वर्षं बिननावाचा राहिला. मग वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मन बोर यांनी त्याला हबार्डिया हेप्टान्यूरॉन हे नाव दिलं. पुढे जोगला ते दिसेना, नामशेष धरलं गेलं. आणि या शतकाच्या सुरुवातीला सापडलं कुठे, तर तिलारी घाटात, आपल्या दोडामार्गच्या डोक्यावर! सापडलं ते तेच, हे पडताळायला चिठ्ठीसकट जुना नमुना होता.

आता सड्यांवर चिरेखाणी वाढताहेत, हापूसच्या कलमांसाठी कातळात सुरुंग लागताहेत. बागायतदारांवर माझा राग नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण तुमच्याकडे खाण सुरू व्हायची असेल, तर आधीच्या पावसाळ्यात, कापणीपूर्वी मला बोलवा. भारा नको. फुलोऱ्यावर आलेल्या प्रत्येक गवताचे दोन-चार झुबके, मुळासकट, पुरेत.