आमची वाटचाल : आधी मोजमाप, मग लेथ

गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, तेव्हा माझे वडील लालबागच्या एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात टर्नर होते. वर्षभर वाट पाहून त्यांनी कुर्ल्यात एक गाळा भाड्याने घेतला, जुना लेथ, म्हणजे वस्तू फिरवत ठेवून धातू कापणारे यंत्र, बसवला आणि टॅक्सींचे ब्रेक ड्रम (चाकाबरोबर फिरणारे ब्रेकचे डबे) टर्न करायला, म्हणजे आतून कापून सारखे करायला सुरुवात केली. प्रीमियर पद्मिनीचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, झिजून रिव्हेट ड्रमला घासू लागले की आत खोल चर पडत. ते चर जाईपर्यंत ड्रम कापायचा आणि त्याच अ‍ॅक्सलचा दुसरा ड्रमही तेवढ्याच मापाचा करायचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत नाही, हा धडा मी त्यांच्या हाताखाली शिकलो.

आयटीआयचा टर्नर ट्रेड पूर्ण करून १९९६ मध्ये मी गाळ्यात आलो, तेव्हा पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड दाबून थांबवली जाणारी चकती, असलेल्या मोटारी वाढू लागल्या होत्या. ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरते किंवा पेडल पायाला धक्के देते, अशी तक्रार आली की मेकॅनिक ‘डिस्क बेंड झाली’ असे सांगून ती आमच्याकडे पाठवीत, आम्ही दोन्ही बाजूंनी एकेक कट घेऊन ती सपाट करीत असू आणि काम झाले असे समजत असू. दादरच्या एका ग्राहकाची गाडी मात्र काही महिन्यांनी परत आली, आम्ही पुन्हा कट घेतला, आणि ती तिसऱ्यांदा आली. “दादा, तुम्ही दोनदा पैसे घेतलेत, पण थरथर काही गेली नाही,” एवढेच ते म्हणाले. तोवर डिस्कची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापाच्या खाली गेली होती. नव्या डिस्क आम्ही आमच्या खर्चाने बसवल्या, आणि त्या बसवताना प्रथमच हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडाकडे नीट पाहिले. तिथे गंजाची खपली होती.

डिस्क सहसा वाकलेली नसतेच, हे त्या दिवशी आम्हाला समजले. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा बारीकसा कण अडकला, तरी डिस्क किंचित तिरकी बसते, आणि केंद्रापाशी असलेला हा तिरकेपणा कडेला अधिक होतो. मग ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा तोच भाग दर फेरीला पॅडला घासत राहतो, हजारो किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी होते, आणि जाडीतला वीसेक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा) फरकही पायाला जाणवतो. अशी डिस्क लेथवर कितीही सुरेख कापली, तरी त्याच गंजलेल्या हबवर बसवली की सारे पुन्हा सुरू होते. डिस्क फिरताना किती डुलते ते दाखवणारा डायल गेज आणि जाडी मोजणारा मायक्रोमीटर आम्ही त्याच आठवड्यात विकत घेतले. तेव्हापासून हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ केल्याशिवाय आणि डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजल्याशिवाय आमच्याकडे लेथ सुरू होत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीचे पाणी कुर्ल्यात शिरले. आमच्या लेथची मोटर बुडाली. ती दुरुस्त होईपर्यंत गाळ्यासमोर पुरात भिजलेल्या गाड्यांची रांग लागली होती. त्या कामात गंज ओळखायला शिकलो. पावसाच्या एका रात्रीत येणारा तांबूस थर चार-सहा वेळा ब्रेक लावला की पुसला जातो, तो पाहून कोणी लेथकडे धाव घेऊ नये. पॅडखाली ओल अडकून पडलेले खड्डे मात्र पुसले जात नाहीत. टाळेबंदीत, २०२० च्या पावसाळ्यात, महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचे असे ठसे आम्ही कितीतरी पाहिले. समुद्राची खारी हवा त्यात भर घालतेच.

खड्डे काढून डिस्क किमान मापाच्या वर राहत असेल तरच आम्ही कापतो. पातळ डिस्क उष्णता कमी सामावते, लवकर तापते आणि तडकू शकते. त्यामुळे ‘एवढी चालवून घ्या’ अशी विनंती आम्हाला नाकारावी लागते. अनेक लहान गाड्यांना नवी जोडी बसवणेच शहाणपणाचे असते, आणि तसे आम्ही सांगतो, जरी त्यात आमचे काम जाते.

कापल्यानंतर डिस्कवर पॉलिश पेपर गोल फिरवून टूलच्या रेषा मोडतो, साबणाच्या पाण्याने ती धुतो आणि पांढऱ्या कापडाला काळे लागेनासे होईपर्यंत पुसतो, कारण कापलेल्या बिडाची भुकटी राहिली तर ती नव्या पॅडमध्ये रुतते. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवणे आमच्याकडे मना आहे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि वडिलांच्या पिढीने ती धूळ श्वासातून घेतली. नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आलटूनपालटून आवळून डायल गेज पुन्हा लावतो. शेवटी पहाटे गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावर नेतो आणि साठच्या वेगावरून वीसपर्यंत, पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा ब्रेक लावून नवे पॅड डिस्कशी जुळवून घेतो. परत येईपर्यंत डिस्क थंड होते, आणि मापांची चिठ्ठी जोडून मगच चावी ग्राहकाच्या हाती देतो.